चपलांची रांग

हल्ली दर रविवारी वंदनेआधी विहाराच्या दारात सगळ्यांच्या चपला मी ओळीनं लावतो. अध्यक्ष असून किती साधा माणूस, असं लोक म्हणतात. ते ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आमच्या नांदेडच्या मंडळाचा रिवाजच तो. विहारात कुणी साहेब नाही, सगळे भाऊ. आणि चपला अध्यक्षानं लावायच्या. माझ्या आधीचे अध्यक्ष किनवटच्या वसतिगृहातले निवृत्त स्वयंपाकी. मी पाटबंधारे खात्यातला इंजिनिअर. अध्यक्ष झालो आणि महिन्याभरात लोखंडी रॅक आणून ठेवला. खरं कारण एवढंच, की लोकांच्या चपलांपुढे वाकायची मला लाज वाटत होती. सांगताना मात्र शिस्तीचं नाव पुढे केलं.

ते आधीचे अध्यक्ष, म्हातारे भाऊ, रॅक बघून म्हणाले, "चांगलंय. पर चपला हातानं लावल्याबिगर कोन आलं न्हाई, ते आता कसं कळंल?"

"हजेरीचं रजिस्टर आहे की," मी म्हणालो. ते रजिस्टर मी कधी उघडलं नाही. म्हातारे भाऊ पुढे कंधारला मुलाकडे राहायला गेले.

आमच्यात एक गवंडी होते. विहाराच्या भिंती त्यांच्याच हातच्या. पायात कायम टायरच्या चपला. ते यायचे थांबले आणि मला पत्ताच नव्हता. वर्धापनदिनाच्या फलकावर माझा फोटो केवढा असावा, या विचारात मी होतो.

वर्षभरानं कामासाठी लातूरला गेलो, तर बसस्टँडवर ते दिसले.

"इकडं कसे, भाऊ?"

"लेकीकडं असतो, शिरूर अनंतपाळला. घरची गेली ना."

मी विचारलं, "आम्हाला कळवलं का नाही?"

"ती दवाखान्यात व्हती तवा दोनदा आलतो विहारात. तुमच्याशी बोलावं म्हनलं. तुम्ही लई कामात होता."

"मातीला आपलं कोण होतं?"

"गल्लीतले होते की."

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी त्यांचा हात धरला. चुकलो म्हणालो, रविवारी या, सगळे वाट बघतील म्हणालो. तेवढ्यात त्यांची गाडी लागली. त्यांनी हात हळूच सोडवून घेतला आणि पिशवी उचलली.

"बघू की, साहेब," ते म्हणाले.