सातव्या चित्राखाली

"याचं पाप कोणतं?"

आमच्या नाटकाच्या तालमीत खलनायकानं तोंड उघडलं रे उघडलं, की दाराशी उभ्या असलेल्या नर्सबाई हा प्रश्न टाकत. त्या उभ्याच असत. एक चप्पल काढायची, तो पाय दुसऱ्या पायावर ठेवायचा आणि खांदा चौकटीला टेकवायचा, एवढीच त्यांची विश्रांती. मी खुर्ची पुढे केली की म्हणत, "नको गुरुजी. बसली की मले उठणं होत नाही."

अशी उभ्या उभ्या आयुष्य काढणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याकडे पाहूनच आपल्याला दम लागतो.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं आणि मीही जानेफळच्या शाळेत नवाच होतो. यात्रेला गावातल्या हौशी मंडळींचं एक नाटक व्हायचं. ते लिहायचं काम मास्तराच्या गळ्यात पडायचं, तसं ते माझ्याही पडलं. तालमी शाळा सुटल्यावर शाळेतच होत. दवाखाना शेजारी. बाई कुठल्यातरी बाळंतपणाहून परत येताना दाराशी थांबत. त्या ख्रिस्ती होत्या, मिशनच्या वसतिगृहात वाढलेल्या. घरचं म्हणावं असं माणूस त्यांना नव्हतं. दवाखान्यामागे एक भेंडीचा वाफा होता, तेवढाच काय तो संसार.

आमचा खलनायक ठरलेला होता. सुपडाभाऊ. चार एकरांचा शेतकरी, मिशा भरघोस, आवाज नदीपलीकडे जाणारा. माझ्या पहिल्या नाटकात मी त्याला दारू पाजली, त्याच्याकडून भावाचं शेत लाटलं, म्हाताऱ्या आईला लाथ मारायला लावली, आणि वर एका विधवेच्या मागे सोडला. सुपडाभाऊ प्रत्येक वाक्यानंतर मिशीला पीळ देऊन गडगडाटी हसायचा. लोक खूश, मीही खूश.

बाई म्हणाल्या, "एवढं सगळं एकट्या माणसाले? तो थकत नाही काय हो?"

मग त्यांनी चित्रांचं सांगितलं. वसतिगृहाच्या भिंतीवर एक गुंडाळीचं कापड टांगलेलं असे. त्यावर सात पापं रंगवलेली. गर्वाची मान सापासारखी लांब. अधाशाच्या पोटालाच तोंड. रागाच्या डोक्यावर जाळ, लोभाला चार हात. मत्सराला पापण्याच नाहीत, त्यामुळे बिचाऱ्याला डोळा मिटता येत नाही. वासनेच्या चित्रावर वसतिगृहाच्या मडमेनं आडवं कापड शिवून टाकलं होतं, म्हणून मुली सगळ्यात जास्त तेच पाहत.

"आणि सातवं?" मी विचारलं.

"आळस. तो साधा माणूस होता. झाडाखाली झोपेल होता, अन् मागं त्याच्या वावरात गाई शिरेल होत्या. बाकीच्या साऱ्या राक्षसाईची मजा वाटे मले. भेव वाटे ते त्याचंच." लहानपणी पहाटेच्या प्रार्थनेत त्यांना पेंग येई. पेंग आली की मडम त्यांना त्या सातव्या चित्राखाली उभं करी.

मी त्यांना चिडवलं, "बाई, आमच्याकडे शत्रू सहाच. षड्रिपू. त्यांत आळस नाही."

"म्हणूनच तुमची तालीम कधी टायमावर सुरू होत नाही," त्या म्हणाल्या.

त्यांचा नियम एकच. एका दुष्टाला एकच पाप द्यायचं, बाकी सहा काढून घ्यायची. जुन्या नाटकातले सगळे दुष्ट त्यांनी एकेक करून निवडले, गृहिणी तांदूळ निवडते तसे. हिशेबात खोट करणारा दिवाणजी लोभात गेला. फुगलेला सरदार गर्वात गेला. सावत्र आईपाशी मात्र त्या अडल्या. "हिले कोणत्याच चित्रात नका टाकू गुरुजी. हे बाई फक्त थकेल हाये." सावत्र आईचं काम करणारा आमचा न्हावी त्यावर इतका खूश झाला, की त्याने त्या वर्षी रडण्याचा प्रवेश वाढवून मागितला. पुढे पुढे तर पारावरची मंडळीसुद्धा येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाहून "याचं कोणतं बे?" असं विचारू लागली.

पुढच्या वर्षी मी मत्सर घेतला. दोन भाऊ. धाकट्याच्या विहिरीला पाणी लागतं, धाकट्याला मुलगा होतो, आणि थोरला त्याला पाण्यात पाहतो. ना दारू, ना लाथ, ना गडगडाट. सुपडाभाऊची पंचाईत झाली.

"बाई, मले येतच नाही हे," तो कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. "धाकट्याले पोरगा झाला त मले चांगलंच वाटते. मी काय करू?"

बाई दारातून आत आल्या. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, त्याची गुंडाळी करून ती बाळासारखी धरली. चालत सुपडाभाऊपाशी आल्या आणि हसून म्हणाल्या, "घ्या. पोरगा झाला." आणि बाळ त्याच्या हातात दिलं.

एवढंच. पण देताना त्यांचे हात क्षणभर त्या गुंडाळीवरच राहिले. तोंड हसत होतं, आणि डोळे मिटत नव्हते. त्या खोलीत आम्ही दहाबारा पुरुष होतो, आमच्यातलं कुणी खोकलंसुद्धा नाही. सुपडाभाऊनं गुंडाळी हळूच परत केली. बाईंनी पंचा झटकून पुन्हा खांद्यावर टाकला. "असं करा," म्हणाल्या, आणि दवाखान्याकडे निघून गेल्या.

सुपडाभाऊनं तसंच केलं. यात्रेच्या नाटकात पुतण्याच्या पाळण्यात झबलं ठेवून तो हसला, आणि शिट्ट्या मारायला बसलेली पोरंही गप्प झाली. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं कडाकडा बोटं मोडली. मला वाटलं, नाटक जमलं. ते नको तितकं जमलं होतं.

त्या वर्षी सुपडाभाऊच्या मुलीची, कुसुमची, सोयरीक बीबी गावाला ठरत आली होती. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. मुलाचे वडील मुद्दाम यात्रेला बोलावलेले, पहिल्या रांगेत बसवलेले. सकाळी ते चहा न घेता गेले. दोन दिवसांनी निरोप आला, असल्या जळक्या पोटाच्या माणसाशी सोयरीक नको.

सुपडाभाऊ शाळेच्या पायरीवर येऊन बसला. मिशा खाली आलेल्या. "गुरुजी, एवढे वर्षं मायले लाथा मारल्या, कोणी काही म्हटलं नाही. आता नुसता हासलो, अन् पोरीचं मोडलं." घरात कुसुम जेवत नव्हती. मुलगा तिला पसंत होता, हे तिनं आईला कसंबसं सांगितलं होतं. आणि एकदा मोडलेल्या सोयरिकीची मुलगी पुन्हा दाखवायची, तर लोक खोट मुलीतच शोधतात.

बाईंना कळलं तेव्हा त्या रात्रभर जागून आल्या होत्या. त्यांनी तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाल्या, "चला गुरुजी, बीबीले जाऊन येऊ."

मेहकरला मोटार बदलून आम्ही गेलो. बाई वाटेत एकदाही पेंगल्या नाहीत. समोरच्या बाकाची दांडी घट्ट धरून बसल्या होत्या.

मुलाचे वडील ओसरीवर होते. त्यांनी पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली. मी बसलो, बाई खांबाला टेकून उभ्या राहिल्या. गृहस्थ भला होता. तो म्हणाला, "नाटक असतं हे आम्हाला बी कळतं, गुरुजी. पण आत असल्याबिगर असं बाहेर येत नाही. माझ्या थोरल्या भावाचे डोळे असेच होते. मी जन्मभर सोसलं. पोराच्या नशिबी नको."

"आत होतं हे खरं हाये," बाई म्हणाल्या. "पण त्याईच्या नाही. माह्या."

गृहस्थानं वर पाहिलं. बाई पुढे सांगू लागल्या.

"मी दुसऱ्याईचे लेकरं हातात घेतो. पुसतो, गुंडाळतो, अन् मायजवळ देतो. देताना हासतो. तवा माह्या पोटात काय होते, ते मी सुपडाभाऊले दाखोलं. त्या माणसाले ते येतच नव्हतं हो. शिकवा लागलं."

तुम्हीच विचार करा. जिथं बाळाला दृष्ट लागेल म्हणून बारशापर्यंत शेजारणीलाही दाखवत नाहीत, तिथं बाळंतपण करणाऱ्या बाईनं परक्या ओसरीवर असं बोलायचं! ही गोष्ट जानेफळला पोचली, तर उद्या तिला दारात कोण उभं करणार? दवाखान्याची नोकरी राहील, पण बोलावणं येणार नाही. आणि बोलावण्यावाचून बाईंचं दुसरं होतं काय?

दाराआडून मुलाची आई ऐकत होती. तिच्या कडेवर लेकीचं तान्हं बाळ होतं, गालावर काजळाचा हा मोठा ठिपका. ती बाहेर आली. तिनं बाळ बाईंच्या हातात दिलं.

"धरा जरा," ती म्हणाली. "चहा ठेवते."

बाईंनी बाळ घेतलं. बाळ त्यांच्या खांद्यावर तोंड पुसू लागलं. गृहस्थानं त्या दोघांकडे पाहिलं. मग मला म्हणाला, "तारीख काढा तुम्ही."

परत येताना मी चिडलो होतो. "बाई, दुसरं काहीतरी सांगता आलं असतं."

"मले नाटक येत नाही, गुरुजी," त्या म्हणाल्या. त्यांनी समोरच्या दांडीवर कपाळ टेकलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "लय थकली मी आता."

गोष्ट जानेफळला पोचलीच. काही घरांत बाई यायच्या आधी बाळाचा ठिपका मोठा होऊ लागला. एका घरानं तर मेहकरहून सुईण आणली. बाई हसून म्हणत, "लावा, मोठा लावा. मलेबी बरं वाटते." पण मी त्यांना ओळखत होतो. ते हसणं बाळ देतानाचं होतं, आणि मला ते पाहवत नसे.

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्यांची बदली झाली. कुठे झाली, तिथून पुढे कुठे गेल्या, मला ठाऊक नाही. त्या आता असतील असंही वाटत नाही. मी नाटकं लिहायचं सोडून दिलं. आळसावर कधी लिहिलंच नाही. पण बाई आठवतात त्या कुसुमच्या लग्नाच्या दिवशीच्या.

भर दुपारचं लग्न. बाई कुठल्याशा वाडीवरचं बाळंतपण उरकून तशाच आल्या, अक्षता टाकल्या, आणि दिसेनाशा झाल्या. पंगत बसायची वेळ झाली तर मुलीचा बापही दिसेना. व्याही विचारू लागले. मी शोधत दवाखान्याकडे गेलो.

व्हरांड्यातल्या बाकावर बाई झोपल्या होत्या. एक चप्पल पायात, एक खाली. तोंड किंचित उघडं. त्यांना झोपलेलं गावात कुणी कधी पाहिलं नव्हतं. आणि पायरीवर गुलाबी फेटा बांधलेला सुपडाभाऊ बसला होता.

एकजण गळू झालेल्या पोराला घेऊन आला. त्यानं तोंड उघडायच्या आत सुपडाभाऊ उभा राहिला. भुवया खाली, मिशीला पीळ. त्याच्या सगळ्या जुन्या खलनायकांचा राग त्यानं एकदम चेहऱ्यावर आणला, आणि कुजबुजत्या आवाजात म्हणाला, "हळू बोल बे. बाईचं सातवं चालू हाये."

तो माणूस पोराला मांडीवर घेऊन मुकाट्यानं खाली बसला.

"अरे, तिकडे पंगत खोळंबली आहे," मी हळूच म्हटलं.

"खोळंबू द्या. मरणाऱ्याचं काम आलं त उठवीन मी बाईले. नाही त नाही."

तेवढ्यात मांडवाकडून भटकत एक गाय आली आणि मागच्या भेंडीच्या वाफ्यात शिरली. सुपडाभाऊनं चपला काढून ठेवल्या. लग्नाचं नवं धोतर वर खोचून तो अनवाणी वाफ्यात गेला, आणि शिंगाला धरून त्यानं तिला हलकेच बाहेर काढलं. गाईला तो 'हैक'सुद्धा म्हणाला नाही.