बिऱ्हाडकरूचं ताट

"तिच्यासाठी कामून सरकायलाव? ती माधुकरीवाली न्हाई. आमची पेइंग गेस्ट हाय. तिचं ताट मागच्या दारी."

घरमालकीण काकू दारासमोर माधुकरीच्या रांगेत उभ्या असलेल्या, पुण्याहून आलेल्या बाईला हे सांगत होत्या. मी समोर उभी. गाणगापुरात पौर्णिमेच्या दुपारी दत्त महाराज भिकाऱ्याच्या रूपानं फिरतात, म्हणून लखपतीही झोळी धरतो आणि दारातून कुणाला रिकामं पाठवत नाहीत. मी शाळेतून भुकेली आले होते. घाईत पुढच्या दारानं आत निघाले, एवढंच. सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. आधी शरम वाटली, मग राग आला.

मी औरादची. इथं शाळेत मराठी शिकवते. खोली देताना काकू म्हणाल्या होत्या, "भाडेकरू म्हनायचं न्हाई. घरातल्यावानी ऱ्हायचं." काही दिवस स्वयंपाकघरात जेवले. मग त्यांनी विचारलं, "औरादात घर कुठल्या गल्लीत?" वडार गल्लीत, मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून माझं ताट मागच्या दारी, न्हाणीजवळच्या पायरीवर. भाकरी वरून टाकायची. जातीचा शब्द कुणी काढला नाही. "सोवळं असतंय, राग मानू नको बाई." मी तिथंच खाल्लं. दुसरी खोली कोण देणार होतं?

आमच्याकडे दुसऱ्याच्या घरात भाड्यानं राहणाऱ्याला बिऱ्हाडकरू म्हणतात. कानडीत बिडार म्हणजे मुक्कामाची जागा, त्यातूनच बिऱ्हाड आलं म्हणतात. मराठीत जागाही बिऱ्हाड आणि संसारही बिऱ्हाड. माझा आजा दगड फोडत गावोगाव हिंडला. गावानं उठा म्हटलं की संसार गाढवावर. जागा त्याला कधी मिळालीच नाही.

रांगेसमोरच मी म्हणाले, "काकू, आजपासून मागच्या दारी जेवणार न्हाई. वाढायचं तर आत, समद्यांसंगट."

"मग दुसरी खोली बघ."

"कामून? ह्या लोकांसमोर सांगा की."

काकूंनी हातातली भाकरी परत टोपलीत ठेवली. त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. झोळ्या पुढच्या घराकडे वळल्या.

तेव्हापासून जेवण बंद, नळ बंद. मी शाळेतून पाणी आणते, खोलीत भात शिजवते. काकूंच्या नवऱ्याचा निरोप आलाय, महिनाअखेर खोली सोड. मी सोडणार नाही. मला काढायचंच असेल तर दारात उभं राहून, गल्लीला ऐकू जाईल असं, माझ्या जातीचं नाव घेऊन काढावं लागेल.