सहा फुटांची रेघ

६ नोव्हेंबर रोजी चष्म्याच्या एका नव्या दुकानाचं काम आमच्या पाट्यांच्या कारखान्याला बावीस हजार सातशे पन्नास रुपयांना मिळालं. दर्शनी काचेवर दुकानाचं नाव हाताने रंगवायचं आणि सगळ्या अक्षरांच्या माथ्यावर सहा फुटांची एकच अखंड रेघ, ब्रश न उचलता. अशी रेघ आमच्याकडे एकच बाई ओढते. बारा वर्षं कामाला आहे आणि लहानथोर सगळे तिला रेघ याच नावाने हाक मारतात.

तिला तेव्हा नववा महिना लागला होता.

पोटातलं बाळ भलतंच दांडगं होतं. स्टुलावर बसली की लाथा सुरू. ब्रश बुडवता बुडवता तिचा हात थांबायचा. बरगडीखाली तळवा दाबून ती म्हणायची, "झालं तुझं? आता मला काम करू दे." दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला सांगितलं होतं की जोरात हलतंय ते चांगलंच आहे, हलणं कमी झालं किंवा नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, तर मात्र वाट न बघता यायचं. तेवढ्यावर तिचं समाधान झालं. मालकांचं झालं नाही.

मालकांनी त्याच वर्षी स्टिकर कापायचं यंत्र घेतलं होतं. ते म्हणाले, "रेघबाई, अक्षरं तुम्ही काढा. वरची पट्टी यंत्रातून कापून चिकटवू. दुरून कुणाला कळतंय?"

"चष्मेवाल्यांना कळेल. त्यांचा धंदाच तो आहे."

"आणि ऐन वेळी लाथ बसून हात हलला तर?"

"हात माझा आहे. हलला तर माझं मी बघीन."

मालक गेल्यावर ती माझ्या हिशेबाच्या टेबलाशी आली. "काका, आज पट्टी चिकटली की उद्या अक्षरंही चिकटणार. मग बाळंतपणानंतर परत येऊन मी काय करू, यंत्राला चहा पाजू?"

खरं सांगायचं तर मी मनातून मालकांच्या बाजूचा होतो. काच बिघडली तर काम हातचं जाणार, एवढंच मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर एक पुठ्ठा उभा राहिला. त्यावर वेळा मांडलेल्या, आणि प्रत्येक लाथेला रंगाची एक फुली. आठवडाभराने पुठ्ठा भरला, तेव्हा तिने मला बोलावलं. चौतीस वर्षं आकडेमोड केलेल्या माणसाला त्यात खोट काढता येईना. खाल्ल्यानंतर वीस मिनिटांनी फुल्यांची गर्दी. बसल्यावर गर्दी. उभी राहिली तरी पाच मिनिटांत पुन्हा सुरू. चालतानाचा रकाना मात्र जवळजवळ कोरा.

"चालते तेव्हा झोपतं, थांबले की उठतं," ती म्हणाली. "बापावर गेलंय. तोही बस थांबली की जागा होतो."

त्या पुठ्ठ्याप्रमाणे तिने काम आखलं. अक्षरं दोन लाथांच्या मधल्या वेळात काढायची. लाथ आली की ब्रश काचेपासून दूर. पोटामुळे काचेजवळ जाता येईना, तेव्हा काचेकडे कूस करून उभी राहायची. दोन दिवसांच्या कामाला चार दिवस लागले. मालक रोज घड्याळ बघायचे, ती बघायची नाही.

रेघेच्या दिवशी तिच्या सासूबाई बरोबर आल्या होत्या. मालकही आले, काखेत कापलेल्या पट्टीची गुंडाळी. रेघ दुकानासमोर येरझाऱ्या घालत होती.

"पाऊण तास झाला," सासूबाई मला म्हणाल्या. "बघून बघून माझेच पाय दुखायला लागले. घरी बस म्हटलं तर ऐकते का?"

"बसले की लाथा मारतं, आई."

"मग चाल बाई, चाल. तुझ्यापुढे कोण बोलणार."

ती चालतच दुकानात आली. चालतच ब्रश उचलला, काचेला टेकवला आणि बाजूबाजूने पावलं टाकत निघाली. एक फूट, दोन फूट, रेघ दोऱ्यासारखी सरळ. चौथ्या फुटाला तिच्या पोटावरचं कापड फटकन उडालं. आम्हा सगळ्यांना ते दिसलं. ब्रश गहूभर खाली आला, पण उचलला गेला नाही आणि तिची पावलंही थांबली नाहीत. रेघ टोकाला पोचली.

मालकांनी जवळ जाऊन रेघेचा तो फुगवटा पाहिला आणि गुंडाळी सोडायला घेतली. "मी म्हटलं होतं."

"गुंडाळा ते," ती म्हणाली. "कड ब्लेडनेच साफ करायची असते. बारा वर्षं प्रत्येक रेघेची करतेय. तेव्हा पोटात कोण लाथा मारत होतं?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. ती गोष्ट खरी होती. ब्लेडचा खर्च मीच दरमहा लिहीत आलो होतो, आणि ती ब्लेडं रेघेच्या कडेसाठी लागतात हे मला एकदाही सुचलं नव्हतं. "खरं आहे," मी म्हणालो. "दर महिन्याला एक पाकीट लागतं."

पेटीतली ब्लेडं गंजलेली निघाली. मी उठेपर्यंत ती समोरच्या दुकानातून पाकीट घेऊन आलीसुद्धा. रंग वाळल्यावर तिने तेवढी कड अलगद खरवडली. मग चष्मेवाले भिंग घेऊन आले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत काच बघत गेले. खरवडलेली जागा त्यांना सापडली नाही.

"मार्चमध्ये दुसरं दुकान उघडतोय," ते मालकांना म्हणाले. "तिथली रेघ कोण काढेल?"

मालकांनी पट्टीची गुंडाळी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"मी," ती म्हणाली. "पण एप्रिलमध्ये."

चष्मेवाले एप्रिलपर्यंत थांबले. रेघ ओढल्यावर अकरा दिवसांनी तिला मुलगी झाली, आणि १७ एप्रिलला दुसऱ्या दुकानाची रेघ तिनेच ओढली. यंत्रावर आम्ही आता गाड्यांचे नंबर कापतो.

ब्लेडच्या पाकिटाचे अठरा रुपये तिने त्या दिवशी पदरचे घातले होते. पावती नव्हती, म्हणून मी ते खर्चात धरले नाहीत. ते तिला अजून द्यायचे आहेत.