खिडकीतून विकलेली नात

साल्किनएजेचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला, नाटकात काम करणारीला, वाटलं, ही बाई बाजारात काय करते आहे? हिची जागा रंगमंचावर! आमच्या ओश शहराच्या बाजारात ती कुरुत विकायची, वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे. गिऱ्हाईक काही न घेता पुढे गेलं की ओरडायची, "जा बाबा, बायकोच्या हातचंच खा. तीच शिक्षा पुरे तुला!" नवरा गेला, गुडघे गेले, जीभ मात्र थकली नाही.

ती बाई मुकी झालेली मी एकदाच पाहिली. आणि काय मुकी झाली, महाराजा!

तिची नात आयपेरी तीन वर्षांची. हृदयाला छिद्र, जरा धावली की ओठ निळे. साल्किनएजेची स्वतःची दोन लेकरं पाळण्यातच गेलेली. म्हणून शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तिनं नात विकायला काढली. आमच्याकडे मरणाला असंच चकवतात. ज्या घरात सगळी मुलं जगली त्या घराला आपलं मूल विकायचं. मरण जुन्या दारी येतं आणि रिकाम्या हातानं परततं. विकत घेणारी होती आमची शेजारीण ओयिमखान, तंदुरात रोट्या भाजणारी उझबेक बाई. नऊ लेकरं, नऊही धडधाकट.

रुग्णालयाच्या तळमजल्याची खिडकी. आत साल्किनएजे, बाहेर झुडपात ओयिमखान.

"काय देतेस?"

"वाडगाभर कोंडा."

"एवढ्या देखण्या पोरीला कोंडा?"

"नाक बघ तिचं! कोंडासुद्धा जास्तच होतोय."

खिदळणारी आयपेरी खिडकीतून बाहेर गेली. ओयिमखाननं तिला दारातून परत आणून खाटेवर निजवलं. सौदा पुरा! आता घरच्या कुणी तिला 'आमची' म्हटलं की तो मोडला.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया चालू होती आणि बाहेर आम्ही सगळे. अचानक दार उघडलं. डॉक्टर ओरडले, "आणखी रक्त लागणार आहे! आयपेरीचं कोण आहे इथं?"

कुणीच हललं नाही. आई नुरझातनं ओढणीचं टोक दातांत धरलं. बाप कुबात उठू लागला, तर साल्किनएजेनं त्याला कोट धरून खाली ओढलं. आणि दुसऱ्या हातानं स्वतःचं तोंड दाबून धरलं.

"अहो, पोरीला कुणी आहे की नाही?"

मग मीच उभी राहिले. पार शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, इथं सगळे परके! पोरीची आई बाजारात रोट्या भाजते आहे."

डॉक्टरांनी साल्किनएजेकडे पाहिलं. तेही याच मातीतले.

"बरं. मग परक्या लोकांनो, बी पॉझिटिव्ह रक्त कुणाचं?"

कुबात ताडकन उठला. "माझं!"

"तू कोण?"

"मी... असाच. रस्त्यानं चाललो होतो."

"मग धाव, वाटसरू!"

आम्ही रडत रडत हसलो. कुबातच्या भावानं मोटार पिटाळली आणि ओयिमखानला उचलून आणलं, कोपरापर्यंत पीठ, तोंडात एकच प्रश्न, "माझी पोर कशी आहे?"

तेवढ्यात परिचारिका धावत आली. "सुय्युंचू! सुय्युंचू!" शुभवार्ता आणणारा असं ओरडतो, आणि त्याला बक्षीस द्यावंच लागतं. छिद्र बुजलं होतं! हृदय आपलं आपण चालत होतं! साल्किनएजेचा हात स्वतःच्या चांदीच्या कर्णफुलाकडे गेला आणि तिथंच थबकला. बक्षीस द्यायचा मान आईचा. ओयिमखाननं डोक्यावरचा रेशमी रुमाल सोडून परिचारिकेच्या गळ्यात घातला आणि मोकळ्या केसांनी मटकन खाली बसली.

काही दिवसांनी आम्हाला खाटेजवळ जाऊ दिलं. आयपेरीचे ओठ! डाळिंबासारखे! तिनं आजीकडे पाहिलं, आजीला ती आपा म्हणायची. "आपा, पाणी."

साल्किनएजे ओयिमखानकडे वळली. "अगं, तुझी मुलगी पाणी मागते आहे."

"मग दे की," ओयिमखान म्हणाली. "माझ्या मुलीला पाणी द्यायला तुझे हात मोडलेत का?"

आणि साल्किनएजेनं पेला असा उचलला, की निम्मं पाणी माझ्या चपलांवर सांडलं.