गाडीतून आलेलं रक्त

शारोल्ताचा सगळा जन्म पेच शहरातल्या एका प्रयोगशाळेत पांढऱ्या पेशींपायी गेला. शरीरात शत्रू शिरला की या पेशी कशा पेटून उठतात, ते बघणं हे तिचं काम. आता साठी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते, आणि उन्हाळ्यात निवृत्त व्हायचा अर्ज तिने देऊनही टाकला होता. बालातोन तळ्याकाठची ही परिषद तेवढी उरकायची, मग सुटले, असं तिने बहिणीला फोनवर सांगितलं होतं.

रक्तवाले आणि आकडेवाले एकत्र यावेत म्हणून ही परिषद दर दोन वर्षांनी भरते. एकत्र येतात कसले! जेवायलासुद्धा वेगवेगळी टेबलं धरतात. म्हणून कुणा शहाण्याने रीत पाडली होती की भाषण जोडीने द्यायचं आणि एकमेकांचं काम एकमेकांनी सांगायचं. प्रयोग करणाऱ्याने गणित, गणितवाल्याने प्रयोग. लोकांना यात मोठी गंमत वाटते. शारोल्ताला वाटत नव्हती. शाळकरी पोरीने कविता घोकावी तसं तिने आपल्या जोडीदाराचं, विल्मोशचं गणित घोकलं होतं.

विल्मोश तिशीतला, हुशार, थोडा घाईचा. सांधेदुखीच्या रोग्यांच्या रक्तात त्याच्या संगणकाला एक खूण सापडली होती. पडद्यावरच्या नकाशात रोग्यांच्या पेशी एकीकडे, निरोगी माणसांच्या दुसरीकडे, मधे स्वच्छ मोकळी जागा. रोग्यांच्या पेशी कायम पेटलेल्या असतात, असा त्याचा अर्थ. त्याची नेमणूक संपत आली होती आणि ती वाढवायची की नाही हे विभागप्रमुख देझ्यो या भाषणावरून ठरवणार होते. त्यासाठी ते मुद्दाम आले होते.

भाषण दुपारी होतं. सकाळी हॉटेलच्या गच्चीवर, तळ्यावरून येणारा गार वारा खात दोघं तालमीला बसली. विल्मोश तिचं काम सांगू लागला: सगळ्यांचं रक्त काढलं आणि तासाभरात पेशी वेगळ्या केल्या.

"कुणाच्या तासाभरात?" शारोल्ताने विचारलं.

"सगळ्यांच्या. तुम्हीच म्हणालात ना बाई, रक्त ताजं लागतं."

"लागतं म्हणाले. मिळतं म्हणाले का?"

त्याला कळेना. मग तिने सांगितलं. निरोगी रक्त म्हणजे प्रयोगशाळेतल्याच लोकांचं. सकाळी बाही वर करायची, नळी भरायची, की लगेच काम सुरू. रोग्यांचं रक्त मात्र शेजारच्या गावच्या इस्पितळाच्या गाडीतून यायचं, आणि ती गाडी आधी धुण्याचे गठ्ठे पोचवायची. नळ्या दुपारी हातात पडायच्या. तोवर ताटकळलेल्या पेशी रोग नसतानाही पेटतात. हे रक्तवाल्यांतली पोरंटोरंही जाणतात, म्हणूनच कुणी कुणाला सांगत नाही. त्याने आकडे मागितले, तिने आकडे दिले. तिला वाटलं, तो उशिराचा हिशेब संगणकात धरत असेल. त्याला वाटलं, हिशेब धरायला उशीर असतोच कुठे. दोन वर्षं दोघांनी अशा आपापल्या समजुतीत काढली.

"आपल्याच गावचे रोगी होते का कुणी? चालत आलेले?" विल्मोशचा आवाज बारीक झाला होता.

होते, थोडे. तिने नावं आठवून त्यांचे क्रमांक दिले. त्याने संगणक उघडला. नकाशात ते सगळे रोगी निरोग्यांच्या घोळक्यात जाऊन बसले होते.

म्हणजे खूण रोगाची नव्हती, उशिराची होती. मग विल्मोश म्हणाला, "शेवटी एका ओळीत घालू या. या कामाच्या मर्यादा म्हणून. कुणी विचारणार नाही."

"नाहीच विचारणार. इथे कुणाला कुणाचं कळतंय?"

खरं तर तिलाही तेच हवं होतं. पाठ केलेलं म्हणून टाकावं, रात्री माशाचं लाल कालवण खावं आणि घरी जावं. तिच्यात भांडायची ताकद उरली नव्हती.

"आणि उद्या त्या खुणेवर कुणी औषध शोधायला बसलं तर?" ती म्हणाली. "रोग्यांना टोचतील ते, विल्मोश."

"तुमचं काय जातंय? तुम्ही चाललात घरी."

हे लागलं, कारण खोटं नव्हतं. त्यानेच थोड्या वेळाने नकाशाचं ते सुंदर चित्र भाषणात पुढे आणलं आणि त्याखाली लिहिलं: वाट पाहिलेलं रक्त, वाट न पाहिलेलं रक्त.

दुपारी त्याने गाडी सांगितली, धुण्याचे गठ्ठे सांगितले. लोक हसले. मग शारोल्ताने गणित सांगितलं आणि हसू थांबलं, कारण बऱ्याच जणांना आपापल्या गाड्या आठवल्या असाव्यात. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी उठून सांगितलं की त्यांच्याकडे नळ्या रात्रभर पडून असतात, आणि खाली बसल्या. टाळ्या बेताच्याच पडल्या.

रात्री जेवताना देझ्यो त्यांच्या टेबलाशी आले. नवं काही सापडलेलं नाही, तेव्हा नेमणूक वाढवायची कशावर, असं त्यांनी तोंडावर विचारलं. सगळं नव्याने करणार असाल तर एक वर्ष देतो म्हणाले. "पण रक्ताचं कोण बघणार? शारोल्ता तर चालल्या. आणि नवा माणूस मी आणणार नाही."

विल्मोशने तिच्याकडे पाहिलं नाही. तेवढी लाज त्याला होती.

शारोल्ताने चमचा खाली ठेवला. पुन्हा नळ्या, पुन्हा त्या थंड खोलीत उभं राहणं. बहिणीला काय सांगायचं?

"निरोग्यांचं रक्तसुद्धा आता त्याच गाडीत बसेल," ती म्हणाली. "सकाळी भरायचं, धुण्याबरोबर गावभर हिंडवायचं, दुपारी परत. सगळ्यांना सारखीच वाट बघायला लावायची."

देझ्यो मान हलवून आपल्या टेबलाकडे गेले. विल्मोशने हळूच विचारलं, "आणि बाई, तुमचा अर्ज?"

"सोमवारी मागे घेते. आज त्यावर एक अक्षर बोलू नकोस. पाव सरकव इकडे."