तारापूरच्या वाटेवर तेलाचा पंप

आमच्या यांनी गिरणीतली नोकरी सोडून लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतली, तेव्हा साठचं दशक निम्मं सरलं होतं. तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं. तिथल्या एका ठेकेदाराने निरोप धाडला होता, की आज संध्याकाळपर्यंत गाडी दाखवा, नाहीतर दुसरी भाड्याने ठेवतो. मीही मुंबईहून सोबत निघाले. कशाला, ते माझं मलाच कळलं नव्हतं. नवं लग्न, एवढंच कारण असावं.

तुम्ही आता गेलात तर रस्ता गुळगुळीत मिळेल. आम्हाला मनोरपर्यंतच बरा मिळाला. तिथे चहा-भजी खाऊन डावीकडे वळलो, वाघोबाची खिंड उतरलो आणि पालघरच्या अलीकडे यांनी गाडी एकदम बंद केली. इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणारा काटा शून्यावर होता.

लोकांनी ढकलत नेलं ते दामूभाऊ मिस्त्रींच्या गॅरेजच्या छपराखाली.

"पंप गेला हाय," ते म्हणाले.

यांचा चेहरा उतरला. "म्हणजे इंजिन उतरवायचं? मुंबईत एका मेकॅनिकने तसंच सांगितलं होतं."

"नाय वो. या जीपचा पंप भायेरच्या अंगाला. इंजिन जाग्यावरच राहील. मोडीतल्या जीपचा पंप हाय माझ्याकडं, बसवतो."

मला वाटलं, एक नळ काढून दुसरा लावायचा. पण त्यांनी आधी पलीकडून ठिणगीच्या डब्याचं, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरचं, झाकण काढून, वायरींसकट, माझ्या हाती दिलं. तेलाच्या पंपाचा ठिणगीशी काय संबंध?

"पंपाच्याच दांड्यावर ही डब्यातली पट्टी फिरते, वयनी. तिचं तोंड चुकलं तर गाडी चालू व्हायची नाय."

पंप निघाला. मिस्त्रींच्या बायकोने हाक मारली, म्हणून झाकण तिथेच टेकवून मी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खायला गेले. परतले तर दुसरा पंप बसला होता आणि दोघे पट्टीकडे बघत वाद घालत होते.

"हिचं तोंड पहिलं कुठं होतं?" मिस्त्री म्हणाले. "मी खूण करणार, तेवढ्यात साहेबांनी पंप ओढला."

"असंच होतं," हे म्हणाले.

"नव्हतं," मी म्हणाले, आणि लगेच घाबरले. पट्टीचं टोक माझ्याकडे होतं, हे आठवत होतं. पण माझ्याकडे म्हणजे कुठे? आता मी दुसऱ्याच बाजूला उभी होते. डावं-उजवं सगळं उलटंपालटं झालं.

"वयनी, नक्की सांगा. चुकलं तर सगळं पयल्यापासून करावं लागंल. सांज होईल."

मी वळसा घालून पहिल्या जागी गेले. झाकण हातात घेतलं, तशीच वाकले. ऊन पुन्हा गालावर आलं. "इकडे. पुढच्या दिव्याकडे."

मिस्त्रींनी पंप सैल करून त्याच्या चाकाचा दात एक घर सरकवला, पट्टी दिव्याकडे वळली. मग झाकण बसवून हँडल मारलं. पहिल्यांदा गाडी नुसती खोकली. दुसऱ्यांदा इंजिन धडधडलं आणि काटा हळूहळू वर चढला. यांनी माझा हात धरला, चारचौघांत, तेलकट हाताने.

बोईसर मागे टाकून उजेडातच तारापूर गाठलं. ठेकेदाराने बॉनेटवर थाप मारली, गाडी ठेवली. हे ती चालवायला तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी बोईसरहून आगगाडी पकडून मी एकटी घरी आले.

शेजारणीने विचारलं, "समुद्र कसा आहे गं तिकडचा?" समुद्र बघायचा राहूनच गेला होता.

हे पुढे सगळ्यांना सांगत, "हिला पक्कं ठाऊक होतं." ते ऐकून मी आजही गोंधळते. ठाऊक काहीच नव्हतं. जिथे उभी होते तिथे जाऊन पुन्हा उभी राहिले, इतकंच.