आमच्या क्लबचं पान

चार माणसं एकाच स्टँडमध्ये वर्षानुवर्षं शेजारी शेजारी बसली, की किस्से साठतातच. आमचे बरेचसे किस्से मात्र मैदानावर घडलेले नाहीत. ते घडले एका ऑनलाइन ज्ञानकोशातल्या पानावरून. आमच्या क्लबचं पान. क्लब सिंगापूरचाच, छोटासा. नाव मुद्दाम सांगत नाही. दोनशे माणसं आली तरी आम्हाला गर्दी वाटते, एवढंच लक्षात ठेवा.

आम्ही चौघं म्हणजे मी मुक्ता, मूळची पुण्याची, वन-नॉर्थच्या आयटी पार्कात सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी. माझ्याच ऑफिसातला सुहास, ज्याला कुठेही स्वल्पविराम चुकलेला दिसला की जेवण जात नाही. पाटीलकाका, कोल्हापूरचे, अठ्ठावीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून आता इथल्या बंदरात दुरुस्तीची कामं बघणारे. आणि इथल्याच हौगांग भागातले लिम अंकल, सत्तरी ओलांडलेले, शाळेत असल्यापासून याच क्लबचे.

सुरुवात एका हाफटाइमला झाली. सुहासनं सहज फोनवर क्लबचं नाव शोधलं. पान होतं, पण चारच ओळींचं. त्यातली शेवटची ओळ त्यानं मोठ्यानं वाचली: 'हा क्लब आता विसर्जित झाला आहे.'

समोर आमचे खेळाडू पुन्हा मैदानात येत होते. काकांनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा मैदानाकडे.

"मग ही पळाय लागलीत ती काय भुतं?"

*

सुहासनं तिथल्या तिथे ती ओळ काढली. मॅच संपायच्या आत ती परत आली होती. कुठल्या तरी लांबच्या देशातल्या संपादकानं खाली लिहिलं होतं, की पुरावा जोडा.

सुहासनं सभ्य शब्दांत कळवलं, की आम्ही आत्ता स्टँडमध्ये बसून क्लबची मॅच बघतोय. त्यावर उत्तर आलं, की तुम्ही डोळ्यांनी बघता हा छापील पुरावा होत नाही.

काकांना हे पचेना. त्यांचं म्हणणं, इंजिनरूममध्ये मी तेलाचं प्रेशर डोळ्यांनी बघून लॉगबुकात लिहायचो आणि त्यावर अख्खं जहाज चालायचं. इथे अकरा माणसं दिसतात तीही चालत नाहीत? शेवटी पुढच्या आठवड्याच्या पेपरात आमची मॅच तीन ओळींत छापून आली. ती जोडली, तेव्हा क्लब जिवंत झाला. त्या मॅचला आम्ही पाच गोलनी हरलो होतो.

*

मग आम्ही पेटलो. सुट्टीच्या दिवशी लायब्ररीत जाऊन जुने पेपर चाळायचे, क्लबचा इतिहास लिहायचा. सगळ्यात आधी शोधायचा होता लिम अंकलचा गोल.

तो गोल आम्हाला पाठ होता. कपची सेमीफायनल, शेवटचं मिनिट, आपल्या कॅप्टनचं हेडर. कोवळ्या वयाचे लिम अंकल गोलच्या जाळीमागे उभे, आणि बॉल त्यांच्या नाकासमोर जाळीत. हे सांगताना ते दर वेळी उभे राहायचे.

पेपर मला सापडला. शून्य-शून्य. तासाभराच्या खेळानंतर मुसळधार पाऊस, सामना रद्द. नंतर पुन्हा खेळवला, त्यात आपण हरलो. मी तीन वेळा तारीख तपासली. कप तोच, मैदान तेच, कॅप्टन तोच.

हे अंकलना कोण सांगणार यावर आम्ही दोन आठवडे घालवले. शेवटी मीच प्रिंट त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. पाऊस मला आठवतो, मी भिजलो होतो, असं म्हणाले. थोड्या वेळानं माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं,

"मग मी काय बघितलं?"

 पानावर पेपरातलंच लिहिलं. स्टँडमध्ये कोणी नवीन आलं, की अंकल अजूनही उभे राहून तो गोल सांगतात. तेव्हा सुहाससुद्धा आपल्या बुटांकडे बघत बसतो.

*

मध्येच आमच्या गोलकीपरची उंची वाढायला लागली. पानावर ती एकशे अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर होती. एका सोमवारी एकशे ऐंशी झाली, महिन्याभरात एकशे चौऱ्याऐंशी. आम्ही खाली आणायचो, दोन दिवसांत ती परत वर जायची. सुहासला खात्री होती, की हे दुसऱ्या क्लबचे लोक आपली चेष्टा करतायत.

एका मॅचनंतर हॉकर सेंटरमध्ये आम्ही नूडल्स खात यावरच बोलत होतो. शेजारच्या टेबलावर खुद्द गोलकीपर बसला होता. तो ट्रे घेऊन उठला आणि आमच्यासमोर येऊन बसला.

"ते मी करतो," तो म्हणाला.

आमचे चमचे हातातच राहिले. त्याला बाहेरच्या एका देशात ट्रायल मिळायची शक्यता होती. तिथले लोक आधी हे पान बघतात, उंची कमी दिसली तर पुढचं वाचतच नाहीत, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. वय एकोणतीस. ही शेवटची संधी. 

काकांच्या बॅगेत मेजरिंग टेप कायम असते. त्यांनी त्याला खांबाला पाठ लावून उभं केलं आणि डोक्यावर पेपर प्लेट आडवी धरून माप घेतलं. एकशे एकोणऐंशी. काका म्हणाले, खरं आहे ते लिहा. सुहास म्हणाला, खरं आहे पण छापलेलं नाही.

शेवटी आम्ही उंचीची ओळच काढून टाकली. ट्रायलला त्याला बोलावलं. घेतलं नाही, पण परत येऊन त्यानं सांगितलं, की उंचीबद्दल कोणी विचारलंसुद्धा नाही.

*

माझ्या मुलीला शाळेत आपल्या भागातल्या खेळांवर प्रोजेक्ट होता. मी मोठ्या उत्साहानं तिला आमचं पान दाखवलं. ती म्हणाली, टीचरनं सांगितलंय, हे वापरायचं नाही, इथे कोणीही काहीही लिहितं.

"अगं, हे मी लिहिलंय."

त्यावर ती शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत,

"सी? एनीबडी ऑल्सो कॅन राइट, लाह."

*

आता शेवटचा. पानावर एकही जुना फोटो नव्हता. म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही हौगांगला लिम अंकलच्या फ्लॅटवर गेलो. त्यांच्याकडे टीमच्या फोटोंचा अल्बम होता. सुहास एकेक फोटो स्कॅन करत होता, अंकल नावं सांगत होते, मी टाइप करत होते. काका नुसतेच सोबत आले होते, चहा पीत बसले होते.

एका फोटोत मागच्या रांगेत डावीकडून दुसरा एक उंच, काळा, हसरा माणूस होता. फोटोच्या मागे शाईनं साल आणि नावं होती; त्याचं नाव 'येसू'. आम्हाला वाटलं कोणी ख्रिश्चन असेल. अंकल म्हणाले, नाही, जहाजावरचा फिटर होता, बॉम्बेकडून आलेला. डावा पाय जबरदस्त. दोन सीझन खेळला आणि एक दिवस कुठल्याशा जहाजावर चढून गेला. कुठल्या, ते कोणालाच माहीत नाही.

काकांनी कप खाली ठेवला. फोटो घेऊन खिडकीपाशी गेले आणि उजेडात धरून बघायला लागले. मी जवळ जाऊन विचारलं, काय झालं?

"मुक्ता, यावर साल बरोबर आहे का, विचार अंकलना."

अंकल म्हणाले, बरोबर आहे, आपल्याच हातानं लिहिलंय.

"या साली मी पहिलीत होतो," काका म्हणाले. "हा आमचा यशवंतकाका. येसूआण्णा म्हणायचे सगळे. जहाज बुडाल्याची तार आली होती. याचं दिवसकार्य झालं तेव्हा मी आईच्या कडेवर होतो. घरात याच्या फोटोला हार आहे, त्यात हडकुळा दिसतो."

 मी अंकलना इंग्रजीत सगळं सांगितलं. त्यांनी काकांचा हात धरला आणि सोडलाच नाही.

यशवंतकाकाची बायको अजून गावी होती. ऐंशीच्या पुढची, मुलाकडे राहणारी. काकांनी विचार केला, सांगावं की नाही. मग चुलतभावाच्या फोनवर फोटो आणि त्याचं साल पाठवलं आणि दहा मिनिटांनी फोन लावून स्पीकरवर ठेवला. भाऊ म्हणाला, आईला दाखवलाय, ती बघतीय. कोण म्हणून सांगायची गरज पडली नाही.

 फोनवर लांबून कोंबड्या ऐकू येत होत्या. काकांनी दोनदा हाक मारली, काकू, ऐकतीयस ना?

मग काकूचा आवाज आला, अगदी नेहमीसारखा.

"तब्येत सुधारलीया की यांची."